खाल्लेलं मांसात जाणार की चरबीत? डुकराच्या वाढीमागची संप्रेरकं

एकाच विणीतली दोन नर पिल्लं घ्या. त्यातल्या एकाचं पहिल्या आठवड्यात खच्चीकरण करा आणि दुसऱ्याला तसंच ठेवा. दोघांनाही एकाच शेडमध्ये, एकच खाद्य पोटभर द्या. वजन शंभर किलोच्या पुढे गेलं की फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. खच्ची केलेला नर जास्त खातो, त्याच्या पाठीवर चरबीचा थर जाड असतो आणि एक किलो वजन वाढायला त्याला भावापेक्षा साधारण दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त, जादा खाद्य लागतं. दोघांचे आईबाप, गव्हाण आणि हवा सगळं सारखंच होतं. बदलली ती फक्त वृषणातून रक्तात उतरणारी रसायनं.

हीच ती संप्रेरकं, म्हणजे हार्मोन. एका ग्रंथीत किंवा अवयवात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवापर्यंत जाणारे ते निरोप आहेत. निरोप मिळालेला अवयव वेग वाढवतो, कमी करतो किंवा काम थांबवतो. संप्रेरक स्वतः मांस बनवत नाही. मांस बनतं खाद्यातल्या अमिनो आम्लांपासून आणि चरबी बनते उरलेल्या ऊर्जेपासून. आलेला माल कोणत्या खात्यात टाकायचा, एवढंच संप्रेरकं ठरवतात. वराहपालकाने हे नीट लक्षात घेतलं तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

खात्यांमधला हा फरक खर्चाच्या भाषेत समजून घेऊ. स्नायूत ७० ते ७५ टक्के पाणी असतं, त्यामुळे एक किलो स्नायूत साठलेली ऊर्जा जेमतेम १२०० किलोकॅलरीच्या आसपास असते. चरबीच्या पेशींमध्ये पाणी अगदी कमी असतं, म्हणून एक किलो चरबीत सात ते आठ हजार किलोकॅलरी साठतात. वजनकाट्यावर दोन्ही किलो सारखेच दिसतात, पण चरबीचा किलो बनवायला कितीतरी जास्त खाद्य जातं. म्हणूनच ‘डुक्कर किती वाढलं’ इतकाच महत्त्वाचा प्रश्न ‘काय वाढलं’ हा असतो.

वाढीचं मुख्य संप्रेरक आणि त्याचा यकृतातला भागीदार

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागातून वृद्धी संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, स्रवतं. ते नळाच्या धारेसारखं सतत वाहत नाही, ठरावीक अंतराने झटक्याझटक्याने येतं. वरच्या हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या भागातून एक निरोप येतो ‘सोड’ असा आणि दुसरा, सोमॅटोस्टॅटिन नावाचा, येतो ‘थांब’ असा. या दोघांच्या रस्सीखेचीतून हे झटके तयार होतात. जठरातून येणारं घ्रेलिन १९९९ मध्ये सापडलं. ते भूक चाळवतं आणि ‘सोड’च्या बाजूनेही जोर लावतं.

रक्तातलं वृद्धी संप्रेरक काही मिनिटांतच निम्मं होतं. त्यामुळे एकदा रक्त काढून ते मोजलं तर मिळालेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. झटक्याच्या वेळी रक्त काढलं तर आकडा मोठा, दोन झटक्यांच्या मधे काढलं तर अगदी लहान. डुक्कर तेच, दिवसही तोच.

या संप्रेरकाची कामं दोन. पहिलं काम यकृतामार्फत होतं. वृद्धी संप्रेरक यकृतातल्या ग्राहींना, म्हणजे त्याच्या कुलपांना, चिकटतं आणि यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक सोडतं. आयजीएफ-१ हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेत पेशी वाढवतं, स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग वाढवतं आणि बनलेली प्रथिनं मोडण्याचा वेग कमी करतं. रक्तात ते वाहक प्रथिनांना बांधलेलं असतं, म्हणून तासनतास टिकतं आणि त्याची पातळी बरीच स्थिर राहते. डुकराच्या वाढीचा अंदाज रक्तावरून घ्यायचाच असेल तर वृद्धी संप्रेरकापेक्षा आयजीएफ-१ मोजणं केव्हाही शहाणपणाचं.

दुसरं काम थेट चरबीवर होतं आणि डुकरात तेच जास्त ठळक आहे. डुक्कर आपली चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींमध्येच ग्लुकोजपासून बनवतं. माणसात किंवा कोंबडीत हे काम मोठ्या प्रमाणात यकृतात चालतं. चरबीच्या पेशीला ग्लुकोज आत घ्यायचा आणि त्याची चरबी करायचा निरोप इन्सुलिन देतं. वृद्धी संप्रेरक या पेशींचे कान इन्सुलिनसाठी बधिर करतं. मग इन्सुलिन हाक मारत राहतं, पण पेशी पूर्वीइतकी चरबी बनवत नाही, आणि तिकडे न गेलेली ऊर्जा बाकीच्या शरीरासाठी शिल्लक राहते.

हा परिणाम किती मोठा असू शकतो हे प्रयोगांतून दिसलं आहे. डुकराचंच वृद्धी संप्रेरक प्रयोगशाळेत बनवून वाढत्या डुकरांना रोज टोचलं, तेव्हा रोजची वजनवाढ साधारण १० ते २० टक्क्यांनी वाढली. खाणं कमी होऊनही खाद्याचा उपयोग स्पष्टपणे सुधारला आणि चरबी साठण्याचा वेग काही प्रयोगांत निम्म्याहूनही खाली आला. पण ज्या प्रयोगांत खाद्यातलं प्रथिन आणि लायसिन हे अमिनो आम्ल जुन्याच पातळीवर ठेवलं, तिथे स्नायूंची वाढ अडखळली. मागणीपत्र मोठं आणि कोठारात माल नाही, अशी ती अवस्था. संप्रेरकाबद्दल बोलताना हे वारंवार विसरलं जातं.

हे संप्रेरक खाद्यातून देऊन चालत नाही. ते सुमारे १९० अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे प्रथिन आहे. जठरात ते सोयाबीन पेंडीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. म्हणूनच ‘ग्रोथ हार्मोन असलेली पावडर’ म्हणून खाद्यात मिसळायला कुणी काही विकत असेल, तर त्याने वृद्धी संप्रेरकाचा परिणाम मिळणार नाही हे नक्की. त्या पावडरीत दुसरंच काही असेल, किंवा काहीच नसेल.

जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधनात वृद्धी संप्रेरकाचं जास्तीचं जनुक घातलेली डुकरं तयार केली गेली. त्यांची पहिली माहिती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात हे संप्रेरक कायम चढं राही. चरबी खूप घटली, पण त्यासोबत सांधे बिघडले, जठरात व्रण झाले, डुकरं सुस्त पडली आणि प्रजनन विस्कटलं. शरीर हे संप्रेरक झटक्यांनी सोडतं आणि मधल्या काळात विश्रांती देतं, ते उगाच नाही.

उपाशी डुकरात हे संप्रेरक जास्त का?

आता एक गोष्ट, जी पहिल्यांदा ऐकली की उलटी वाटते. उपाशी किंवा अर्धपोटी डुकराच्या रक्तात वृद्धी संप्रेरक वाढलेलं असतं, तरी डुक्कर वाढत नाही.

कारण यकृतात आहे. खाणं कमी झालं, विशेषतः प्रथिन आणि ऊर्जा दोन्ही घटली, की इन्सुलिन उतरतं. इन्सुलिन कमी असेल तर यकृत वृद्धी संप्रेरकाचं ऐकेनासं होतं आणि आयजीएफ-१ घसरतं. एरवी आयजीएफ-१ पियुषिकेला ‘आता पुरे’ असं कळवत असतं. तो लगामही सुटतो, म्हणून वृद्धी संप्रेरक आणखी चढतं. त्याचं चरबी मोडण्याचं काम मात्र चालूच राहतं. जगण्याच्या दृष्टीने यात शहाणपण आहे: उपासमारीत साठा वापरा आणि नवीन बांधकाम थांबवा.

गव्हाणीपाशी याचा अर्थ सरळ आहे. वाढीचं यंत्र खाण्याच्या चावीने सुरू होतं. आणि ही चावी सगळ्यात जास्त वेळा हरवते ती पिल्लांचं दूध तोडतात तेव्हा.

साधारण २१ ते २८ दिवसांच्या पिल्लाला एका दिवसात आई, कोमट दूध, ओळखीचे भाऊबंद आणि जागा, सगळं सोडावं लागतं. बरीच पिल्लं पहिल्या दिवशी खाद्याला तोंड लावत नाहीत, काही ४८ तासांनंतरही उपाशीच असतात. आयजीएफ-१ कोसळतं, आतड्याची आतली लव आखूड होते, पचन मंदावतं आणि मग जुलाब लागतात. अशा वेळी टॉनिकच्या बाटलीआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

दूध तुटण्याआधी किमान आठवडाभर पिल्लांना कोरडं, चविष्ट पूर्वखाद्य थोडं थोडं मिळायला हवं. उरलेलं रोज काढून टाका. दूध तोडल्यानंतर पहिले तीन-चार दिवस एक भाग खाद्य आणि दोन ते तीन भाग कोमट पाणी अशी पेज दिवसातून चार-पाच वेळा द्या. प्रत्येक वेळी २० ते ३० मिनिटांत संपेल एवढीच, कारण आंबलेली पेज पोट बिघडवते. बसण्याच्या जागेचं तापमान पहिल्या आठवड्यात २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवा आणि नंतर दर आठवड्याला एक-दोन अंशांनी उतरवा. पाण्याचं निपल दहा पिल्लांमागे एक तरी असावं आणि त्यातून मिनिटाला अर्धा लिटर पाणी यावं. एक मापी आणि घड्याळ घेऊन हे खरंच मोजून पाहा. निपलमधून पाणी येतंय असं वाटणं वेगळं आणि पुरेसं येणं वेगळं. पाणी कमी पडलं की खाणं कमी होतं, आणि खाणं कमी झालं की वर सांगितलेली सगळी साखळी सुरू होते.

जन्माआधी ठरणाऱ्या गोष्टी

डुकराच्या स्नायूत तंतू किती असतील हे गर्भातच ठरतं. मादी सरासरी ११४-११५ दिवस गाभण असते. पहिले तंतू साधारण ३५ ते ५५ दिवसांच्या दरम्यान तयार होतात, त्यांच्याभोवतीचे दुय्यम तंतू ५५ ते ९० दिवसांच्या दरम्यान. त्यानंतर संख्या जवळपास पक्की होते. पुढचं आयुष्यभर तंतू फक्त जाड आणि लांब होत जातात. फार कमी वजनाच्या पिल्लात तंतूच कमी असतात, म्हणून नंतर कितीही चांगलं खाद्य दिलं तरी ते भावंडांची बरोबरी क्वचितच करतं. त्याची स्नायूंची क्षमता लवकर भरते आणि उरलेलं खाद्य चरबीत जातं.

या काळात वृद्धी संप्रेरकाला फारसं काम नसतं. गर्भाच्या यकृतात त्याची कुलपंच कमी असतात. सूत्रं असतात आयजीएफ-१ च्या भावंडाकडे, आयजीएफ-२ कडे. या आयजीएफ-२ च्या जनुकाची एक खासियत २००३ मध्ये उघड झाली आणि ती पैदास करणाऱ्याला थेट उपयोगाची आहे. या जनुकात एका अक्षराचा बदल असलेल्या डुकरांच्या स्नायूत, जन्मानंतर, आयजीएफ-२ चा निरोप तिप्पट लिहिला जातो. परिणामी स्नायू जास्त आणि पाठीची चरबी कमी. आणि स्नायूत चालतो तो फक्त बापाकडून आलेला जनुक. आईकडून आलेला गप्प बसवलेला असतो. त्यामुळे बदल असलेल्या दोन्ही प्रती ज्या नराकडे आहेत, त्याची सगळी पिल्लं त्या बाबतीत मांसल निघतात, मादी कुठल्याही वाणाची असो. मादीच्या बाजूला थोडी चरबी धरणारा वाण ठेवला तरी चालतो. दूध पाजताना त्या चरबीचा तिला आधारच होतो.

गर्भाच्या शेवटच्या दिवसांत कॉर्टिसोल वाढतं. एरवी ताणाचं संप्रेरक म्हणून बदनाम असलेलं हे कॉर्टिसोल इथे फार मोलाचं काम करतं: फुप्फुसं श्वासासाठी तयार करतं, यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरतं, आतडं पिकवतं आणि प्रसूतीची सुरुवातही करून देतं. म्हणूनच सोयीसाठी इंजेक्शन देऊन प्रसूती लवकर करवली तर पिल्लं अर्धीकच्ची येतात. कळपाची सरासरी ११५ दिवस असेल तर ११३ व्या दिवसाच्या आधी असा प्रयत्न करू नये. त्यासाठी रेतनाची तारीख लिहिलेली हवी. अंदाजाने मोजलेल्या दिवसांनी पिल्लं मरतात.

चीक, दूध आणि इन्सुलिन

जन्मलेल्या पिल्लाच्या अंगात चरबी जेमतेम एक-दोन टक्के असते. ऊर्जेचा साठा जवळपास नाहीच. पहिल्या २४ तासांत निदान २०० ते २५० ग्रॅम चीक पोटात गेला पाहिजे. चिकातून रोगप्रतिकारक प्रथिनं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याशिवाय त्यात इन्सुलिन, आयजीएफ-१ आणि इतर वृद्धी घटकही असतात, आणि त्यांनी आतडं पहिल्या दिवसांत झपाट्याने वाढतं. चोवीस तासांनंतर आतड्याची मोठी प्रथिनं जशीच्या तशी शोषून घेण्याची दारं मिटत जातात. मागाहून पाजलेल्या चिकाचा मग तेवढा उपयोग होत नाही.

या वयात पिल्लाचा स्नायू इन्सुलिनला विलक्षण चटकन साद देतो. दूध पोटात गेलं की रक्तात इन्सुलिन आणि अमिनो आम्लं, विशेषतः ल्युसिन, दोन्ही चढतात. दोन्ही मिळून स्नायूत प्रथिन बनवण्याचा वेग झपकन वाढवतात. ही संवेदनशीलता वयाबरोबर उतरते. चौथ्या आठवड्यातला स्नायू पहिल्या आठवड्याइतक्या जोरात प्रतिसाद देत नाही. पहिल्या आठवड्यात हुकलेलं प्रत्येक पाजणं म्हणूनच महागात पडतं.

आणि पाजणं हुकायला फार वेळ लागत नाही. डुकरीण साधारण ४० ते ६० मिनिटांनी एकदा पाजते आणि दूध प्रत्यक्षात सुटतं ते फक्त १० ते २० सेकंद. ते सोडवतं ऑक्सिटोसिन. मादी घाबरली, शेडमध्ये आरडाओरड झाली, की अ‍ॅड्रेनॅलिन आडवं येतं आणि दूध अडतं. पिल्लं सड चोखत राहतात, पोटात काही जात नाही. विणीच्या शेडमध्ये शांतता ठेवायची ती एवढ्यासाठी. पिल्लं सडांपेक्षा जास्त असतील तर थोरली, भरल्या पोटाची पिल्लं तास-दीड तास उबदार खोक्यात बाजूला ठेवा आणि लहानांना निर्धास्त पिऊ द्या.

ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा गैरवापर फार होतो, तोही इथेच सांगायला हवा. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसताना किंवा पिल्लू आडवं अडलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय जोरात आवळतं, नाळेतला रक्तपुरवठा तुटतो आणि आतली पिल्लं मरतात. आधी हात धुऊन, हातमोजा आणि वंगण वापरून मार्ग मोकळा आहे का ते तपासा. मग पशुवैद्याने सांगितलेली लहान मात्राच द्या.

थायरॉइड: चुलीची आच

थायरॉइड ग्रंथी टी-४ सोडते. ते बव्हंशी साठ्यातलं रूप. पेशींपर्यंत पोहोचल्यावर त्यातला एक आयोडीन अणू काढला की कामाचं रूप, टी-३, तयार होतं. तो अणू काढणाऱ्या विकरांना सेलेनियम लागतं. म्हणजे या एका ग्रंथीचं गणित दोन सूक्ष्म द्रव्यांवर उभं आहे: आयोडीन आणि सेलेनियम. टी-३ शरीराच्या चुलीची आच ठरवतं. आच फार कमी झाली तर वाढ खुंटते. थंडीत ती वाढते, आणि मग खाद्याचा मोठा हिस्सा ऊब राखण्यात जातो.

खाद्यात किलोमागे ०.१४ मिलिग्रॅम आयोडीन पुरेसं मानलं जातं. गाभण मादीला ते कमी पडलं तर तिच्यात फारसं काही दिसत नाही. दिसतं ते पिल्लांत: मृत किंवा अशक्त, केस नसलेली, मानेभोवती सुजट त्वचा आणि फुगलेली थायरॉइड. केस नसलेली पिल्लं दोन-तीन विणींत आली तर रोगाचा शोध घेण्याबरोबर मिठाची पिशवी आणि खनिज मिश्रणही तपासा. मोहरी वर्गातल्या तेलबियांच्या पेंडीतले ग्लुकोसिनोलेट थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. अशी पेंड स्वस्त मिळते म्हणून प्रमाण वाढवलं, तर आयोडीन कागदावर पुरेसं असूनही कमी पडू शकतं. पेंड कमी ग्लुकोसिनोलेटच्या वाणाची आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

सेलेनियम किलोमागे ०.१५ ते ०.३ मिलिग्रॅम लागतं. इथे हात आवरता हवा. पाच मिलिग्रॅमच्या पुढे ते विषारी ठरू लागतं, आणि मिश्रण नीट ढवळलं नाही तर एका कोपऱ्यातल्या डुकरांना ती मात्रा सहज मिळते.

उन्हाळ्यात उलटं होतं. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. मोठ्या डुकराचं खाणं २५ अंशांच्या पुढे घटू लागतं, थायरॉइडची पातळीही उतरते. उष्णतेच्या ताणात इन्सुलिन मात्र अपेक्षेपेक्षा चढं राहतं आणि इन्सुलिन चरबी मोडू देत नाही. म्हणून कमी खाल्लेलं डुक्करही बारीक होण्याऐवजी तुलनेने जास्त चरबी धरतं. यावर उपाय म्हणजे सावली, वारा, अंगावर थोडा थोडा वेळ पाण्याचा फवारा आणि पहाटे-संध्याकाळी खाद्य.

आजार आणि ताण

आजारी डुकराचं खाणं कमी होतं म्हणून ते वाढत नाही, हे अर्धंच खरं. रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात. ते भूक मारतात, यकृताला वृद्धी संप्रेरकाकडे दुर्लक्ष करायला लावतात आणि स्नायूतली प्रथिनं मोडून त्यातली अमिनो आम्लं संरक्षणाच्या कामी वळवतात. म्हणून वरवर निरोगी दिसणारा, पण सतत बारीक संसर्गाशी झुंजणारा कळप कमी वाढतो. अस्वच्छ शेडमध्ये लायसिनच्या तुलनेत ट्रिप्टोफॅन, थ्रिओनिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांची गरज वाढते. शेड धुऊन, वाळवून, मगच नवा गट आत घेणे हा संप्रेरकांच्या भाषेतला आयजीएफ-१ वाढवण्याचा उपाय आहे.

कॉर्टिसोल थोड्या वेळापुरतं चढलं तर बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे चढं राहिलं तर ते स्नायू मोडतं आणि चरबी धरायला मदत करतं. अनोळखी डुकरं एकत्र केली की पहिले एक-दोन दिवस मारामाऱ्या होतात. दूध तोडताना एकदाच गट करा आणि तो शेवटपर्यंत मोडू नका. दर दोन आठवड्यांनी वजनानुसार पुन्हा वर्गवारी करणं नीटनेटकं दिसतं, पण त्याची किंमत दर वेळी नव्या भांडणात मोजावी लागते. रक्तातलं कॉर्टिसोल एकदा मोजून कळप ताणात आहे असं ठरवणंही चूक, कारण डुक्कर धरल्यापासून काही मिनिटांतच ते वाढतं.

वृषणाची संप्रेरकं, आणि त्यांचा वास

आता सुरुवातीच्या दोन भावांकडे वळू. नराच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन येतं आणि ते स्नायूत प्रथिन बनवायला थेट मदत करतं. नर डुकराचं वैशिष्ट्य असं की त्याच्या वृषणातून इस्ट्रोजेनही भरपूर स्रवतं. ही दोन्ही मिळून भूक आवरतात आणि खाद्य स्नायूकडे वळवतात. खच्चीकरणाने हे दोन्ही हात जातात. मादी या दोघांच्या मधे पडते.

म्हणून सगळ्यांना एकच खाद्य देणं म्हणजे कुणाला प्रथिन कमी, कुणाला फुकट जास्त. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या शिफारशींत खाद्यातल्या पचणाऱ्या लायसिनचं प्रमाण २५ ते ५० किलो वजनाला ०.९८ टक्के, ५० ते ७५ ला ०.८५, ७५ ते १०० ला ०.७३ आणि त्यापुढे ०.६१ आहे. हे आकडे खच्ची नर आणि माद्यांचा मिळून विचार करून दिलेले आहेत. खच्ची न केलेल्या नराला शेवटच्या टप्प्यात याहून जास्त लागतं. खच्ची नर जास्त खातो, म्हणून त्याच्या खाद्यात टक्केवारी कमी चालते. शक्य असेल तर ५० किलोनंतर नर आणि माद्या वेगळ्या ठेवा.

मग नर तसेच का ठेवत नाहीत? कारण वास. वयात येणाऱ्या नराच्या वृषणात अँड्रोस्टेनोन बनतं आणि ते चरबीत साठतं. मांस तापवलं की लघवीसारखा वास येतो. काही माणसांना तो मुळीच कळत नाही, काहींना असह्य होतो. दुसरं द्रव्य स्कॅटोल. ते मोठ्या आतड्यात जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून बनवतात आणि त्याला विष्ठेचा वास असतो. मादीचं यकृत ते मोडून टाकतं. नरात वृषणाची संप्रेरकं यकृताचं हे काम मंदावतात, म्हणून ते साठतं. चरबीच्या ग्रॅममागे अँड्रोस्टेनोन ०.५ ते १ मायक्रोग्रॅम आणि स्कॅटोल ०.२ ते ०.२५ मायक्रोग्रॅम ओलांडलं की वास जाणवू लागतो, असं धरतात. स्कॅटोल पालकाच्या हातात आहे: कोरडी, स्वच्छ जमीन आणि कत्तलीआधी आठवडाभर कच्चा बटाटा-स्टार्च किंवा चिकोरीचं मूळ खाद्यात दिल्याने ते घटतं. अँड्रोस्टेनोनला मात्र खाद्याने फारसा फरक पडत नाही.

इथेच एक तिसरा मार्ग निघाला. मेंदूकडून वृषणाला मिळणारा पहिला निरोप जीएनआरएच नावाचा असतो. त्याच्याविरुद्ध शरीरालाच प्रतिपिंडं बनवायला लावणारी लस १९९८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वापरात आली. ही लस म्हणजे संप्रेरक टोचणं नव्हे. ती स्वतः संप्रेरकाचं काम करत नाही, उलट एक निरोप अडवते. दोन मिलिलिटरचे दोन डोस कानामागे, त्वचेखाली देतात. पहिला आठव्या आठवड्यानंतर कधीही, दुसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी आणि कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी. पहिला डोस शरीराची फक्त ओळख करून देतो, वृषणावर त्याचा परिणाम दिसत नाही. म्हणजे दुसऱ्या डोसपर्यंत डुक्कर नराच्या काटकसरीने वाढतं. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत भूक एकदम उसळते, गव्हाणी आणि पाण्याची सोय त्या हिशोबाने हवी, आणि लायसिनची टक्केवारी खाली आणता येते.

वाढीसाठीच्या औषधांबद्दल एक गल्लत नेहमी होते. रॅक्टोपामीन हे संप्रेरक नाही. ते अ‍ॅड्रेनॅलिनच्या कुलपांना बसणारी बनावट चावी आहे, आणि काही आठवड्यांत ती कुलपं बधिर होतात म्हणून ते फक्त शेवटच्या टप्प्यात वापरलं जातं. युरोपीय संघ आणि चीनमध्ये ते चालत नाही. वाढीसाठी संप्रेरकं टोचण्यावर युरोपीय संघात बंदी आहे, आणि अमेरिकेत डुकरांसाठी वाढीच्या स्टेरॉइड संप्रेरकांना मान्यता नाही. ‘हार्मोनमुक्त’ डुकराचं मांस मात्र कुठेच मिळणार नाही. संप्रेरकांशिवाय डुक्कर जन्मालाच येत नाही. वेष्टनावर ‘संप्रेरकं न टोचलेलं’ असं लिहिणं योग्य.

लसीच्या बाबतीत चुका होतात त्या बहुतेक मोजणीच्या. एखादं डुक्कर दुसऱ्या डोसला निसटतं आणि ते कत्तलीच्या दिवशी उमगतं. म्हणून डोस दिलेल्या प्रत्येक डुकरावर रंगाची खूण करा. दोन आठवड्यांनी फेरी मारा: वृषणं आकसलेली आणि रंगाने फिकट दिसली पाहिजेत, एकमेकांवर चढणं थांबलेलं असलं पाहिजे. ज्याची वृषणं अजून मोठी आणि लालसर आहेत त्याला लगेच पुन्हा डोस द्या आणि त्याची कत्तल त्या हिशोबाने पुढे ढकला. टोचताना सुरक्षित सुईचं खास उपकरणच वापरा, कारण ही लस चुकून माणसाला टोचली गेली तर त्याच्या प्रजननावरही तोच परिणाम होऊ शकतो. गरोदर स्त्रीने हे काम करू नये. एकदा चुकून टोचून घेतलेल्या माणसाने पुन्हा कधीही ही लस हाताळू नये, कारण खरा परिणाम दुसऱ्या डोसला होतो.